पुढचं अक्षर वर्गाने म्हणायचं

३० ऑक्टोबर, गुरुवार

हे जाऊन आज सव्वीस दिवस झाले. दुपारी मुख्याध्यापक राठोड सर घरी आले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी आले होते तेव्हा काही बोलले नव्हते. आज चहा झाल्यावर म्हणाले की शाळा सोमवारी उघडते, दहावी 'ब' ला गणिताला माणूस नाही, आणि नवीन शिक्षकाची मान्यता यायला जानेवारी उजाडेल. मी बी. एस्सी., बी. एड. आहे हे त्यांना माहीत होतं. तोवर मी तास घ्यावेत.

मी विचार करत होते. सासूबाईंनी माझ्या वतीने उत्तर दिलं, "जाईन ते. घरी बसून काय करन?"

"मंग ठरलं," राठोड सर म्हणाले.

मी मान हलवली असावी.

त्यांनी पिशवीतून यांची टाचण वही काढून दिली. कोणत्या तारखेला काय शिकवलं ते शिक्षकाने रोज या वहीत लिहायचं असतं. "खिल्लारे सरांनं डिसेंबरपर्यंतचं लिहून ठेवलं हाय. तुमाले फक्त त्याच्या मांगं मांगं जायचं हाय, मॅडम. टेन्शन नाही."

ते गेल्यावर वही उघडली. ४ ऑक्टोबरनंतरची पानंही यांच्याच अक्षरात भरलेली आहेत. ३ नोव्हेंबर, निर्देशक भूमिती, अंतराचे सूत्र. ४ नोव्हेंबर, सराव संच ५.१ पूर्ण. अशा ओळी ३१ डिसेंबरपर्यंत. प्रत्येक ओळीपुढे शेरा, 'विद्यार्थ्यांना समजले.' पुष्कळ शिक्षक सुट्टीच्या दिवशी बसून पुढचं लिहून टाकतात, ते मला ठाऊक आहे. हे ऑगस्टमधल्या एका रविवारी लिहीत बसले होते. मी शेजारी चहा ठेवला होता.

मला मान्यता नाही, त्यामुळे त्या वहीत लिहिण्याचा अधिकार नाही. काय शिकवलं याची नोंद तर हवी, म्हणून ही वेगळी वही केली.

३ नोव्हेंबर, सोमवार

मालेगावहून काळीपिवळी जीपने गेले. हे मोटारसायकलने वीस मिनिटांत जायचे. मला पाऊण तास लागला.

पटावर चौतीस, हजर एकतीस. मुलं उभी राहिली आणि बसायला विसरली. मग मीच बसा म्हटलं.

वहीप्रमाणे अंतराचं सूत्र घेतलं. मला बोलायला वेळ लागतो, शब्द नीट आठवून बोलावं लागतं. एका उदाहरणात "म्हणून हे अंतर" म्हणून मी फळ्याकडे पाहिलं, तेवढ्यात सगळा वर्ग म्हणाला, "पाच!" उत्तर पाचच होतं. बरं वाटलं. यांनी चांगलं तयार केलं आहे.

शेवटी विचारलं, समजलं का. "हो मॅडम," एकतीस जणांचा एकच आवाज.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सराव संच ५.१ पूर्ण. वहीच्या तारखेला पूर्ण.

मी थांबले की वर्ग पुढचं म्हणतो. "त्रिकोण समभु" म्हटलं की "ज". "दोन्ही बाजू समा" म्हटलं की "न". हे असंच शिकवायचे, शेवटचं अक्षर वर्गासाठी सोडायचे. जिल्ह्यातले बहुतेक शिक्षक असंच शिकवतात, मलाही शाळेत असंच शिकवलं गेलं. पण यांचा वर्ग फार तरबेज आहे. त्यांना शेवटचं अक्षर सोडावं लागत नसेल, पहिलं दिलं तरी पुरत असेल.

घरीही हे माझं वाक्य पुरं करायचे. बाजारातून काय आणायचं, कुठे जायचं, मला काय वाटतं, मी सुरू केलं की पुढचं ते म्हणायचे. त्यामुळे माझा बोलण्याचा त्रास वाचायचा. आज वर्गात तसंच वाटलं. घरात कोणी असल्यासारखं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एक गोष्ट घडली. ती जशी घडली तशी लिहिते.

अंतराच्या सूत्राचं एक उदाहरण मी मनाने घातलं. एक बिंदू (−८, ६), दुसरा (१२, २७). फरक वीस आणि एकवीस. वर्गांची बेरीज आठशे एक्केचाळीस. फळ्यावर √८४१ लिहिलं. उत्तर एकोणतीस. मी म्हटलं, "म्हणून अंतर एकोण," आणि खडूच्या धुळीने ठसका लागला.

वर्ग म्हणाला, "वीस!"

मागून काही जण म्हणाले, "चाळीस!" खिडकीकडच्या बाकावरून एक जण "पन्नास" म्हणाला. सगळे तितक्याच खात्रीने. पहिल्या बाकावरच्या पल्लवी पवारने एकटीने "तीस" म्हटलं, पण ते मला तिच्या ओठांवरून कळलं, ऐकू आलं नाही.

√८४१ समोर होतं. कोणी तिकडे पाहत नव्हतं. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते.

पाणी प्यायले आणि म्हटलं, एकोणतीस. सगळे म्हणाले, "तीस." समजलं? "हो मॅडम."

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळची शाळा. कोऱ्या कागदावर पाच गणितं लिहायला दिली. कोणी तोंडाने बोलायचं नाही, असं सांगितलं. पहिलंच होतं, १२ − (−८) = किती.

चौघांनी २० लिहिलं. एकोणीस जणांनी ४. सहा जणांनी −४ किंवा −२०. दोघांनी जागा रिकामी ठेवली.

कागद राठोड सरांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून सगळे पाहिले, घाई केली नाही.

"हे तं खालच्या वर्गातलं हाय, मॅडम. आठवीच्या आत झालेलं असते."

"झालेलं आहे," मी म्हटलं.

"मंग?"

मी ४ लिहिलेल्या कागदांवर बोट ठेवलं.

"शनवारची शाया हाय, पोट्टे भुकेजले असतीन," ते म्हणाले. कागद परत दिले.

१० नोव्हेंबर, सोमवार

वहीप्रमाणे रेषाखंडाचे विभाजन घेतलं. वर्ग माझ्याबरोबर म्हणत होता. तास छान गेल्यासारखा वाटला, कारण मी यांच्या तारखेवर होते.

सुटल्यावर मागच्या बाकावरच्या पिंकीला थांबवलं. तिचा आवाज सगळ्यांत मोठा असतो. शनिवारच्या कागदावर तिची पाचही चूक होती. तिच्या घरी मालेगावजवळ वांगी-मेथीचा मळा आहे, बाजाराच्या दिवशी शाळा बुडते. मी विचारलं, तुला उत्तर येत नाही तर तू सगळ्यांच्या आधी कशी म्हणतेस?

ती हसली. चोरी पकडल्यासारखी नाही, कसब विचारल्यासारखी. "आमी सरांचं पयलं अक्षर पकडो, मॅडम. सर 'स' म्हनले का सतरा नाईतं सहा. मोठा आकडा असला का सर भिवई वर करत. आवाज बारीक आला तं सर पुन्हा इचारत, उभं करत. जोरानं म्हटलं का पुढं जात. मंग आमी जोरानं म्हनो."

"म्हणजे तुला येतं की नाही?"

"म्हनता येते, मॅडम. करता नाई येत."

मग जाताना म्हणाली, "माया ताईचं बी गनितच राह्यलं. दोन डाव बसली. आता नाव काढलं का भांडते."

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज वहीत सराव संच ५.२ आहे. घेतला. काल जे ऐकलं त्यानंतरही घेतला. का, ते सांगता येत नाही. त्या वहीची एकेक ओळ रोज पुरी होते, तेवढ्यापुरतं मला ठीक वाटतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बेरीज करून पाहिली. दोन्ही भागांची मिळून तेरा प्रकरणं. वर्गात कोणाला काय येतं ते या आठवड्यात कागदावर तपासलं. चौघांना जवळजवळ सगळं येतं. बाकी सत्तावीस जणांची गाडी ऋण संख्या आणि अपूर्णांकापाशी उभी आहे. फेब्रुवारीत बोर्डाचा पेपर. या वेगाने वहीच्या मागे गेलं तर हे सत्तावीस जण नापास होतील, यात शंका घ्यायला जागा नाही. मागे जाऊन सुरुवात केली तर फेब्रुवारीपर्यंत पाच, फार तर सहा प्रकरणं नीट होतील. पाच नीट आली तर पास होण्यापुरते गुण होतात. तीन वेगवेगळ्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन पाहिलं, होतात.

एक शंका आहे. मी स्वतः सावकाश आहे. हे नेहमी म्हणायचे, "तुझं सगळंच बैलगाडीचं." मला सावकाश शिकवणं बरोबर वाटतं ते मुलांसाठी की माझ्यासाठी, हे मला ठरवता आलेलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सुरुवात केली. वर्गात एकच नियम सांगितला. मी बोलत असताना पुढचं कोणी म्हणायचं नाही. माझं वाक्य मी पूर्ण करीन, मग तुम्ही लिहायचं.

पहिला अर्धा तास फार वाईट गेला. मी थांबले की तोंडं उघडायची आणि मिटायची. एवढी शांतता मुलांना सहन होत नव्हती. मलाही होत नव्हती.

मग सगळ्यांना व्हरांड्यात नेलं. फरश्यांवर खडूने आकडे टाकले, मधल्या फरशीवर शून्य. पिंकीला −८ वर उभं केलं आणि १२ वर जायला सांगितलं. तिने पावलं मोजली. वीस. पुन्हा उलटी आली. वीस.

"मंग चार कसे लिहिले होते म्या?" ती फरशीकडे पाहून म्हणाली.

ती परत गेली आणि परत आली. नंतर सगळ्यांनीच चालून पाहिलं. चौथीच्या बाई बाहेर येऊन बघून गेल्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

सासूबाई गहू निवडत होत्या. मी शाळेचं काही सांगितलं नव्हतं, तरी त्या आपण होऊन यांच्या लहानपणाचं बोलायला लागल्या.

"शायेत मास्तर म्हने, जो आधी येईन तो पुढं बसन. आपली पोरं मांगंच बसत. हा अंधार असताच पये. दार उघडाच्या आंधी पायरीवर जाऊन बसे. एक दिवस चुकला नाई. जेवनाचं ताट अर्धं सोडून पये. म्या म्हनो, अरे जेव तरी. तं म्हने, मांगं बसाव लागते, माय, तिथून फया दिसत नाई."

मी ऐकलं. गहू निवडून झाले. संध्याकाळी भाकरी केल्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पल्लवी तासाला उभी राहिली. "मॅडम, सरांनं सांगितलं होतं, दिवाळीनंतर त्रिकोणमिती. आज कुठं आली असती."

मी म्हटलं, येईल.

"कधी? आमी अजून वजाबाकीच करून राह्यलो."

मागून आदर्श म्हणाला, "तुले येते तं गप बस ना, बाई. आमाले शिकू दे." वर्ग हसला. पल्लवी हसली नाही. ती चुकीचं काही बोलली नव्हती.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पल्लवीचे वडील गुलाबसिंग पवार शाळेत आले. तांड्यावरून आले, धुतलेला शर्ट घालून. राठोड सरांच्या खोलीत मला बोलावलं.

"मॅडम, तुमी दुखात हा, मले मालूम हाय. पन माह्या पोरीचं काय चुकलं ते सांगा. ते पुढं गेली, ते तिचा गुन्हा हाय काय? दुसऱ्यायसाठी तिले कायले मांगं ओढता?"

मी म्हटलं, "तसं नाही. बाकीच्या मुलांना," आणि थांबले. राठोड सर काही बोलणार होते. गुलाबसिंगांनी हात वर केला. "बोलू द्या त्याईले."

आणि ते थांबून राहिले. मला सगळं बोलावं लागलं. शनिवारचे कागद, चार आणि सत्तावीस, फेब्रुवारी, सगळं. मला वेळ लागला. मधे बऱ्याच वेळा शब्द सापडला नाही. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, घड्याळाकडे पाहिलं नाही.

संपल्यावर म्हणाले, "समजलं. तुमचं बराबर हाय. माह्यं बी बराबर हाय. आता दोन्ही बराबर कसं करता ते तुमी सांगा."

मी म्हटलं, शाळा भरण्याआधी पाऊण तास पल्लवीला आणि त्या तिघांना त्रिकोणमिती शिकवते. त्यांनी नमस्कार केला. जाताना म्हणाले, "सर लय हुशार माणूस होता. माही पोरगी त्याच्यामुळंच इथं हाय."

हे खरं आहे. तेही लिहून ठेवते.

२३ नोव्हेंबर, रविवार

मुलीचा, राधिकाचा, अमरावतीहून फोन आला. तिची परीक्षा जवळ आली आहे. मी शाळेचं थोडं सांगितलं. ती मग म्हणाली, "आई, पप्पा मला गणित शिकवायला बसायचे ना, तेव्हा मी सारखं हो हो म्हणायचे. मग ते बाहेर गेले की मी स्वयंपाकघरात येऊन तुला विचारायचे. तुला आठवतं?"

आठवतं. ती ओट्याशेजारी उभी राहून विचारायची. माझा समज होता की तिला माझी सोबत आवडते म्हणून ती येते.

१ डिसेंबर, सोमवार

आता सकाळी पावणेदहाला चौघांची त्रिकोणमिती, नंतर बाकीच्यांची दोन चलांतील रेषीय समीकरणं. पिंकीने आज एक समीकरण शेवटपर्यंत सोडवलं. उत्तर चुकलं होतं. कुठे चुकलं ते तिनेच शोधलं. त्यात सगळा तास गेला.

दुपारी राठोड सरांनी बोलावलं. दहा तारखेला शिक्षण विभागाची तपासणी आहे. टाचण वही पाहतील. मान्यतेचं ते बघून घेतील. मी ३ नोव्हेंबरपासूनच्या यांच्या प्रत्येक ओळीखाली फक्त आद्याक्षरं घालायची.

"लिहायचं काहीच नाही, मॅडम. सारं सरांनं लिहून ठेवलं. तुमी फक्त सह्या करा."

आणखी एक गोष्ट सांगितली. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला संस्था यांचा सन्मान करणार आहे. फोटोला हार, आणि ही वही काचेत ठेवायची. गेल्यावरही शिकवत राहिलेला शिक्षक, असं अध्यक्ष भाषणात म्हणणार आहेत.

सासूबाईंना सांगितलं. त्या पदराने डोळे पुसत "माह्या लेकाचं नाव," एवढंच म्हणाल्या. शेजारच्या हिरूबाईला सांगायला गेल्या.

४ डिसेंबर, गुरुवार

वहीची मागची पानं चाळली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. समरूपता, विद्यार्थ्यांना समजले. पायथागोरसचे प्रमेय, विद्यार्थ्यांना समजले. हे दिवस यांनी पाहिलेले आहेत, वर्गात उभे होते.

मुलांना चिठ्ठ्या दिल्या. नाव लिहायचं नाही. कधीपासून समजेनासं झालं तेवढं लिहा.

बऱ्याच जणांनी सातवी लिहिलं आहे, काहींनी पाचवी. एकाने लिहिलं आहे, 'इंग्रजी शाळेतून आलो तेव्हापासून.' एका चिठ्ठीवर लिहिलं आहे, 'वर्गसमीकरणापासून. सर चांगले होते. सरांना सांगू नका.'

ती चिठ्ठी वेगळी ठेवली. त्या मुलाला किंवा मुलीला आपण काय लिहिलं ते कळलं नसेल.

६ डिसेंबर, शनिवार

सासूबाईंबरोबर विहारात गेले. वंदना झाली. मालेगावातले तीन-चार जण येऊन म्हणाले, सरांचा सन्मान आहे असं कळलं. नथ्थूकाका म्हणाले, "आपल्या माणसाची वही काचंत ठेवून राह्यले, लहान गोष्ट नाई, सूनबाई." मी हो म्हटलं.

सही करायची म्हटलं तर तीसेक ओळींखाली आद्याक्षरं, पाच मिनिटांचं काम. त्या ओळींतलं बहुतेक शिकवून झालेलं नाही. नाही केली तर यांच्या या ओळी उघड्या पडतात, आणि एकदा त्या उघड्या पडल्या की कोणीतरी जुलैची पानंही उलटेल. केली तर माझ्या वर्गाला जे येत नाही ते आल्याचं मी लिहून देते. मग मागे जायला कारण उरत नाही. जानेवारीत नवीन शिक्षक येईल, तो वही बघेल आणि 'झालेलं आहे' म्हणून पुढे निघेल.

ते आज असते तर काय म्हणाले असते, याचा विचार करून पाहिला. त्यांचं वाक्य मला पूर्ण करता येत नाही. ते मला कधी करावं लागलं नव्हतं.

८ डिसेंबर, सोमवार

वही घेऊन राठोड सरांच्या खोलीत गेले. ४ ऑक्टोबरच्या ओळीखाली पट्टीने एक रेघ मारली होती. बाकी काही लिहिलं नव्हतं. माझ्या या वहीवरून आणि मुलांच्या कागदांवरून रोज काय शिकवलं, किती जणांना समजलं, ते वेगळ्या कागदांवर उतरवलं होतं. ते कागद सोबत ठेवले.

राठोड सर रेघेकडे पाहत राहिले. "हे काय केलं, मॅडम?"

"सह्या मी करणार नाही."

"अहो, तुमच्यासाठी म्हणून नाही म्हणत मी. सरांसाठी म्हणून राह्यलो. अशी रेघ पाहून इचारतीन, पुढचं कोनं लिहिलं. मंग काय सांगू?"

मी म्हटलं, "सरांचं नाव,"

"खराब होईन. तेच तं म्हणून राह्यलो."

"नाही," मी म्हटलं. "मला ते म्हणायचं नव्हतं."

ते थांबले. मला हे वाक्य बोलायची सवय नाही, ते तोंडातून निघाल्यावर विचित्र वाटलं.

"मंग काय म्हणायचं होतं?"

"सरांचं नाव त्यांच्या दिवसांना लागतं, असं म्हणायचं होतं. पुढचे दिवस त्यांनी पाहिलेच नाहीत. त्या दिवसांचं बरं-वाईट त्यांच्यावर घालू नका. ते माझ्यावर घाला."

राठोड सरांनी माझे कागद उचलून वाचले. "पंधरा नोव्हेंबर, व्हरांडा," त्यांनी मोठ्याने वाचलं. "सोळा जणांना समजले. अकरा जणांना नाही." चष्मा काढला. "मॅडम, एकवीस वर्षं झाली मले या खुर्चीत आन त्याच्याआधी वर्गात. 'नाही समजले' असं टाचणात लिहिलेलं म्या पाहिलं नाही कधी."

त्यांनी कागद वहीत ठेवले. फाडले नाहीत.

१० डिसेंबर, बुधवार

तपासणी झाली.

साहेब साडेबाराला वर्गात आले. सोबत राठोड सर. साहेब चांगले होते, मुलांना बसा म्हणाले. मग फळ्याकडे हात करून म्हणाले, "काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग म्हणजे बाकीच्या दोन बाजूंच्या वर्गांची बे…"

वर्ग गप्प.

"बे…" साहेब पुन्हा म्हणाले, आणि कान पुढे केला.

एकतीस जण त्यांच्याकडे पाहत होते. कोणी ओठ हलवले नाहीत. मी शिकवलं होतं तसंच ते वागत होते. राठोड सर खिडकीबाहेर बघत होते.

"एवढंही येत नाही?" साहेब म्हणाले.

पिंकी उभी राहिली. "साहेब, आमी अर्धं भरत नाई. तुमी पुरं इचारा."

"काय म्हणते ही?" साहेबांनी राठोड सरांना विचारलं. राठोड सरांना बहुतेक हसू आलं होतं, ते खोकले.

साहेबांनी मग पूर्ण प्रश्न विचारला. काटकोन करणाऱ्या बाजू नऊ आणि चाळीस, कर्ण किती? पिंकी फळ्याजवळ गेली. एक्क्याऐंशी लिहिलं. चाळीसचा वर्ग लिहायला वेळ लागला. बेरीज सोळाशे एक्क्याऐंशी. मग ती अडकली. पल्लवीला उत्तर केव्हाच आलं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि ओठ मिटून बसली. पिंकीने एकोणचाळीसचा वर्ग करून पाहिला, कमी आला. बेचाळीसचा केला, जास्त आला. पुसलं. एक्केचाळीसचा केला. पाढे म्हटल्यासारखी तोंडाने पुटपुटत होती. मग १६८१ खाली रेघ मारून साहेबांकडे वळली आणि म्हणाली, "एक्केचाळीस. करून पाह्यलं."

साहेबांनी या दरम्यान दोनदा घड्याळ पाहिलं होतं. सहा मिनिटं झाली होती. "बरोबर," ते म्हणाले. "पण मॅडम, एवढ्या वेळात तीन गणितं व्हायला पाहिजेत. फेब्रुवारीत पेपर आहे."

"हो," मी म्हटलं. "तीन होत नाहीत. हे एक तिचं झालं."

राठोड सरांच्या खोलीत बसल्यावर साहेबांनी वही पाहिली. रेघ पाहिली, त्याखालच्या यांच्या ओळी पाहिल्या, माझे कागद पाहिले. काय झालं ते मी सांगितलं. त्यांनी मान डोलवली, पण पुढचं पान उलटलं नाही, मागचंही नाही. शेरेबुक मागवलं आणि लिहिलं.

ते गेल्यावर राठोड सर म्हणाले की ३ जानेवारीला वही काचेत ठेवता येणार नाही, फोटो ठेवू. सासूबाईंना ते सांगायचं आहे. मीच सांगीन. त्यांना वाईट वाटेल.

नवीन शिक्षक येईपर्यंत वर्ग माझ्याकडे आहे. तो आला तरी सकाळचा पाऊण तास माझ्याकडे राहील, असं राठोड सर म्हणाले, पण तेव्हा त्या तासाला पल्लवी नाही, मागचे बाक येतील. पल्लवीला त्याचा वर्गातला तास पुरेल.

शेरेबुक त्यांनी माझ्यापुढे सरकवलं नव्हतं. "राहू द्या, मॅडम. तुमी नका वाचू," म्हणाले. मी मागून घेतलं. निळ्या शाईत दोन ओळी होत्या. 'दहावी ब, गणित. अध्यापनाची गती अत्यंत कमी. अभ्यासक्रम अपूर्ण.'

दोनदा वाचलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. राठोड सरांचं पेन घेतलं आणि खाली सही केली, पूर्ण नावाची.